विश्लेषण : डिझेलच्या धुराला लगाम घालणारा युरिया आला कुठून?

सातपूरची बॉश, म्हणजे पूर्वीची मायको, नाशिककरांना डिझेल इंजिनांच्या नोझल व इंजेक्टरमुळे परिचित आहे. कंपनीचे संस्थापक रॉबर्ट बॉश. त्यांचे पुतणे कार्ल बॉश मात्र रसायनशास्त्राकडे वळले. आज बीएस-६ ट्रकचा धूर स्वच्छ करणाऱ्या युरियामागे त्यांचेच काम आहे.

कोण होते कार्ल बॉश?
जन्म २७ ऑगस्ट १८७४, जर्मनीतील कोलोन. धातुशास्त्र व रसायनशास्त्र शिकून ते १८९९ मध्ये ‘बीएएसएफ’मध्ये रुजू झाले. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. पण त्यासाठीचा ऑस्मियम हा उत्प्रेरक दुर्मीळ होता. बॉश यांचे सहकारी आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्यांनंतर लोखंडावर आधारित स्वस्त उत्प्रेरक शोधला. प्रचंड दाबाखालील तप्त हायड्रोजन पोलाद ठिसूळ करून नळ्या फोडत असे. बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचे अस्तर दिले आणि बाहेरील पोलादाला छिद्रे पाडून हायड्रोजनला वाट करून दिली. १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे कारखाना सुरू झाला.

वरदान की संकट?
या अमोनियामुळे खत स्वस्त झाले. पहिल्या महायुद्धात त्यापासून स्फोटकेही बनली. १९२१ मध्ये ओप्पाऊतील खतसाठ्याच्या स्फोटात ५०० हून अधिक बळी गेले. १९३१ मध्ये बॉश यांना नोबेल मिळाले. ज्यू शास्त्रज्ञांच्या हकालपट्टीला त्यांनी हिटलरसमोर विरोध केला. तरी त्यांच्याच आयजी फार्बेन कंपनीने नाझी राजवटीशी करार केले. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले.

धुराशी संबंध काय?
अमोनिया व कार्बन डायऑक्साइडपासून युरिया बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट बॉश आणि विल्हेल्म मायझर यांनी १९२२ मध्ये घेतले. आज अनेक डिझेल वाहनांत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण (डीईएफ) तप्त धुरात फवारले जाते. त्यातून अमोनिया सुटतो. उत्प्रेरकावर तो घातक नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करतो. बॉश यांनी हवेतून काढलेला नायट्रोजन असा पुन्हा हवेत जातो.

शेतातला युरिया चालेल का?
नाही. त्यावरील कडुनिंबाच्या तेलाचा लेप व इतर अशुद्धी फवारणीचे नोझल तुंबवतात आणि उत्प्रेरक निकामी करतात. शिवाय अनुदानित युरिया शेतीसाठीच आहे. तो डीईएफसाठी वळवला, तर शेतकऱ्याचे खत जाते आणि धूरही स्वच्छ होत नाही.