पदवीच्या वर्गात पाली आणणारे धर्मानंद कोसंबी

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलं-मुली प्रवेशाचे अर्ज भरायला बसतात. बी.ए.ला विषय निवडताना पालीचं नाव निघतं आणि लगेच मागे पडतं. रोज त्रिसरण-पंचशील पालीतच म्हणणारी आई विचारते, पाली घेऊन पोरगी पुढे करणार काय? तिचा प्रश्न पोटाचा आहे, तो आम्ही उडवून लावत नाही. पण अर्ज भरण्याआधी धर्मानंद कोसंबींबद्दल सांगतो.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण घरात झाला. शालेय शिक्षण जेमतेमच. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धांचं चरित्र वाचलं आणि त्यांचं मन तिथेच गुंतलं. हे मासिक ख्रिस्ती मिशनचं होतं. म्हणजे सारस्वत घरातल्या तरुणाला बुद्ध भेटले ते ख्रिस्ती मिशनच्या अंकात! धर्म शिकायला आपल्याच धर्माचा गुरू लागतो असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. या गृहत्यागाचं कौतुक फार होतं. बाळाबाईंनी ती वर्षं कशी काढली, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही रोज अशा बायकांसोबत काम करतो, म्हणून ते नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पुण्यात त्यांना डॉ. रा. गो. भांडारकर भेटले. पुढे काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पण बुद्धवचन मुळातून शिकवणारं देशात कोणी सापडेना. नेपाळला गेले, तिथेही निराशाच झाली. शेवटी १९०२ मध्ये सिलोन गाठलं. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर होऊन पाली शिकले, मग ब्रह्मदेशात राहिले. ज्या भूमीत धम्म जन्मला, त्या भूमीतल्या माणसाला तो शिकायला समुद्र ओलांडावा लागला.

परतल्यावर ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तिथे अडीचशे रुपये पगार मिळू शकत होता. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दुसरी तयारी दाखवली: महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, महिना पन्नास रुपये घ्या. कोसंबींनी पन्नास घेतले. आपल्या माणसांना आपल्या भाषेत बुद्ध कळावेत, ही त्यांची ओढ होती. भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठात पाली विषय सुरू झाला. १९१२ पासून सहा वर्षं कोसंबींनी फर्ग्युसन कॉलेजात तो शिकवला. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे नामवंत पाली पंडित त्यांचेच विद्यार्थी. पदवीच्या परीक्षेला बसणारी ती मुलं जन्माने बौद्ध नव्हती. हार्वर्डला ते चार वेळा गेले, लेनिनग्राडलाही शिकवून आले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. मुंबईत कामगारांच्या परळमध्ये त्यांनी बहुजन विहार उभारला.

पण त्यांचं खरं शिकवणं त्यांच्या पद्धतीत होतं. वैदिक, जैन आणि बौद्ध ग्रंथ शेजारी ठेवून ते वाचत, आणि श्रद्धा आडवी येते म्हणून पुरावा बाजूला सारत नसत. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा त्यांनी पुढे आणला. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचं कारण हाच तंटा आहे. 'भगवान बुद्ध' या पुस्तकात प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराची चर्चा आली तेव्हा जैन समाजातून मोठा विरोध झाला. तरीही शेवटच्या काळात त्यांनी जैनांच्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर आदराने पुस्तक लिहिलं. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला तोही आजारपणात अन्न सोडून, जैन साधक सोडतात तसा.

नागपूरचा दीक्षा सोहळा त्यांनी पाहिला नाही, तो नऊ वर्षांनी झाला. विसुद्धिमग्गाच्या ज्या प्रतीसाठी ते पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले, ती हार्वर्डने १९५० मध्ये छापली. तीही त्यांनी पाहिली नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्याकडे मिठाई वाटली गेली. मिठाई वाटणाऱ्या घरांतली किती मुलं पाली घेतात, हे आम्ही यंदा अर्ज भरताना मोजणार आहोत. एकीने परवा विचारलंय, पाली घेतली तर सोबत इतिहास घेता येईल का. तिच्या आईशी बोलायला आम्ही रविवारी जाणार आहोत.