सर्पगंधेची मुळी आणि परळचे डॉक्टर

आपल्या नरखेड तालुक्यात मोवाडला जा, जलालखेड्याला जा नाहीतर सावरगावला. बहुतेक घरात टीव्हीच्या डोक्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात गोळ्यांचं एक पाकीट दिसतंच. बीपीचं. चार गोळ्या खाल्लेल्या, सहा तशाच. डोकं गरगरलं की घ्यायची, बरं वाटलं की सोडायची, असा आपल्या बायांचा कारभार. आशाताईंबरोबर गावोगाव दाब मोजत फिरताना हे मी नेहमी बघते. पण मैत्रिणींनो, ऐंशी वर्षांपूर्वी अशी अर्धवट घ्यायलासुद्धा धड गोळी नव्हती. जगाला ज्या पहिल्या काही उपयोगी गोळ्या मिळाल्या, त्यातली एक आपल्याच देशातल्या मुळीतून निघाली, आणि तिच्याकडे जगाचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या एका पारशी डॉक्टरनं. डॉ. रुस्तम जाल वकील त्यांचं नाव. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतं, आपल्याला नसतं.

१७ जुलै १९११ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वैद्यकीचं उच्च शिक्षण त्यांनी लंडनला घेतलं. त्या काळात असं शिकून आलेला डॉक्टर बड्या लोकांचा दवाखाना थाटून आरामात बसू शकत होता. वकील परळच्या के.ई.एम. रुग्णालयात काम करू लागले. या रुग्णालयाचीही एक गोष्ट आहे. त्याला जोडून असलेल्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी ज्यांनी पैसा दिला, त्यांनी अट घातली होती की शिकवणारे डॉक्टर हिंदी माणसंच असली पाहिजेत. इंग्रजांच्या राज्यात ही अट घालायची म्हणजे हिंमतच. १९२६ साली रुग्णालय सुरू झालं आणि गिरणगावातले कामकरी, चाळीतल्या बाया, कोकणातून आलेले म्हातारे-कोतारे तिथं रांगा लावू लागले.

वकिलांचा विषय हृदयरोग. रक्तदाब वाढलेले रोगी त्यांच्याकडे यायचे आणि त्यांना द्यायला फार काही नसायचं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब वर्षानुवर्षं वाढत गेला, डॉक्टर दिमतीला होते, तरी एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. डॉक्टरांच्या हातात काय होतं? आराम करा, मीठ तोडा, झोपेची औषधं घ्या. नुसता भात आणि फळं खाण्याचा एक कडक पथ्याहार होता. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मोठी शस्त्रक्रिया करून पाठीच्या कण्याजवळच्या काही नसा कापून टाकायच्या. ही नसा कापायची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

आता मुळीकडे येऊ. सर्पगंधा हे छोटं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं, लांब वाकडी मुळी. शास्त्रीय नावात राउवुल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं नाव चिकटलंय, पण औषध आपलं. साप-विंचू चावला, ताप आला, झोप येईना, माणूस बेभान झाला की वैद्य आणि जाणत्या म्हाताऱ्या ही मुळी उगाळून द्यायच्या. बिहारकडे तर तिला पागल की दवा असंच नाव पडलं होतं. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही द्रव्यं वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांचं नाव दिलं. म्हणजे मुळी वकिलांनी शोधली असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. ती सगळ्यांना ठाऊकच होती.

मग वकिलांनी केलं काय? त्यांनी मोजलं. मला यातच त्यांचा मोठेपणा वाटतो. गुण येतो असं सांगणारे शेकडो होते. कोणाला, किती, किती दिवसांनी आणि कोणता त्रास होऊन, हे लिहून ठेवणारे थोडे होते. वकिलांनी के.ई.एम.मध्ये रक्तदाबाचे ५० रोगी घेतले, मुळीपासून केलेल्या गोळ्या दिल्या, आधी आणि नंतर दाब मोजून नोंदवला. बहुतेकांचा दाब उतरला. १९४९ साली हा अहवाल लंडनच्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. कोणतंही नवं यंत्र नाही, मोठा पैसा नाही. दाबाचा पट्टा, वही आणि चिकाटी. ज्या घरात बाई रोजचा दूध-हिशेब कॅलेंडरवर लिहिते, तिला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

ते कागद बोस्टनपर्यंत पोचले. तिथल्या रॉबर्ट विल्किन्स या डॉक्टरांनी मुळी वापरून पाहिली आणि त्यांनाही तोच अनुभव आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल गावी सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात काढलं. त्याचं नाव रिसर्पिन. न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि आरडाओरडा करणारे रोगी शांत होऊ लागले. बिहारच्या म्हाताऱ्यांना यात नवल वाटलं नसतं! १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला, क्लाइन वगैरे मंडळींबरोबर. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी भारत सरकारनं पद्मभूषण दिलं.

पण ही मुळी शरीरात नेमकं करते काय, हे १९४९ साली वकिलांना माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. ते पुढं उलगडलं आणि ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्या टीव्हीवरच्या पाकिटाचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

आपलं शरीर पेशींचं गाव आहे असं समजा. पेशींना तोंड नाही, कान नाहीत, मोबाइल तर नाहीच. त्या एकमेकींशी बोलतात ते रसायनांनी. एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते ओळखते. ओळखायला तिच्या अंगावर खास जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. काही निरोप दवंडीसारखे. कोतवाल साऱ्या गावातून हाळी देत जातो, पण ज्यांचं काम असतं तेच घराबाहेर येतात. थायरॉइडचं किंवा पाळीचं संप्रेरक असंच रक्तातून सगळीकडे फिरतं, पण ज्या पेशीकडे त्याचा ग्राही आहे तीच हलते. दुसरा प्रकार कुजबुजीचा. नसेचं टोक शेजारच्या पेशीला अगदी चिकटून असतं, त्या टोकात इवल्या इवल्या पिशव्यांमध्ये रसायन भरून ठेवलेलं असतं. वरून इशारा आला की पिशवी फुटते, रसायन त्या चिमूटभर फटीत पडतं आणि पलीकडच्या ग्राहीवर जाऊन बसतं. निरोप पोचला. उरलेलं रसायन नस परत ओढून घेते आणि पुन्हा पिशवीत भरते. आपण हळदीकुंकवाच्या वाट्या परत घासून मांडून ठेवतो ना, तसंच.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतो. त्याला आवळ असं सांगणाऱ्या निरोप्याचं नाव नॉरअॅड्रेनलिन. भिंत आवळली की वाट अरुंद होते आणि दाब चढतो. भीती वाटली, राग आला, पोरगं रात्री उशिरापर्यंत घरी आलं नाही की हा निरोप जोरात जातो. जायलाच पाहिजे, नाहीतर आपण पटकन उठून उभ्यासुद्धा राहू शकणार नाही. त्या काळचे सर्जन नसा कापायचे ते याच कारणानं. तारच तोडली की निरोप बंद. मुळीतलं रिसर्पिन तार तोडत नाही. ते पिशव्या भरू देत नाही. उघडं पडलेलं रसायन नसेच्या आतच नासून जातं. इशारा येतो, पण पिशवीत द्यायला काही उरलेलंच नसतं. म्हणून गुण हळूहळू येतो, आणि औषध बंद केलं तरी नव्या पिशव्या तयार होऊन भरेपर्यंत असर टिकतो.

आणि इथंच मेख आहे. पिशव्या फक्त रक्तवाहिन्यांजवळ नाहीत. मेंदूतही त्याच पद्धतीनं निरोप जातात. नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही सगळी एकाच तऱ्हेच्या पिशव्यांत भरली जातात. मुळीला कुठं ठाऊक की हा माणूस बीपीचा आहे? ती सगळ्याच पिशव्या रिकाम्या करत जाते. त्यामुळे नाक चोंदतं, सुस्ती येते, आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रोग्यांच्या मनावर गडद उदासी आल्याच्या नोंदी पन्नासच्या दशकात झाल्या. काहींनी तर जीव द्यायचा प्रयत्न केला. औषधाचा दोष किती आणि आधीच्या दुखण्याचा किती यावर पुढं वाद झाला, पण उदासी हे मेंदूतल्या निरोपांचंही दुखणं असू शकतं हा विचार त्यातून जोर धरू लागला. आपल्याकडे अजूनही अशा बाईला नाटकं करते म्हणतात.

१९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे मढ्यासारखे पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि ससे उठून हिंडू लागले. कंपवातावर आज जे औषध देतात त्याचा उगम इथला. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. (वावराच्या धुऱ्यावर जी खाजकुयली आपल्याला छळते, तिच्या बियांत एल-डोपा असतं. पण म्हणून कोणी बिया फोडून खाऊ नका.)

निरोप्याला अडवण्यापेक्षा पलीकडच्या घराचं दार लावून घ्यायचं, ही पुढची युक्ती. ग्राहीवर दुसरंच काहीतरी नेऊन बसवायचं, म्हणजे निरोप्या येऊन परत जातो. महाराष्ट्रात याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणातला लाल विंचू चावला की त्याच्या विषानं नसा साठवलेलं रसायन एकदम ओकतात, म्हणजे मुळीच्या अगदी उलट. हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं, पूर्वी पोरं पटापट दगावायची. बावस्करांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन ही साधी बीपीची गोळी दिली. ती ग्राहीवर जाऊन बसते, आणि रोगी वाचू लागले.

डॉ. वकील हे बघायला नव्हते. २० नोव्हेंबर १९७४ रोजी ते गेले, त्रेसष्ट वर्षांचे असताना. शेवटपर्यंत ते लिहीत-शिकवत राहिले, डॉ. गोलवाला यांच्याबरोबर लिहिलेलं, रोगी कसा तपासावा हे शिकवणारं त्यांचं पुस्तक डॉक्टरांच्या पिढ्यांनी वाचलं. मोठमोठ्या तपासण्यांआधी रोग्याकडे नीट बघायचं, हात लावायचा, ऐकायचं, हा त्यातला धडा. रिसर्पिन मात्र मागं पडलं. कमी त्रासाची औषधं आली, आता बीपीसाठी ते क्वचितच कोणी लिहून देतं. जंगलातली सर्पगंधा जगभरच्या मागणीपायी इतकी खणली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

तरी बाजारात, जत्रेत बीपीची गावठी मुळी म्हणून पुड्या मिळतात. झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होणार, असं सांगून दिल्या जातात. त्यात सर्पगंधा असेल तर काय होणार ते वर सांगितलंच. आणि त्यात ती किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बीपीच्या गोळीवर वरून अशी पुडी घेतली तर दाब नको तितका उतरून बाई न्हाणीत चक्कर येऊन पडू शकते. उदास असणाऱ्या बाईनं तर तिला हातच लावू नये.

टीव्हीवरच्या पाकिटावर बहुतेकदा टेल्मिसार्टन नाहीतर अॅम्लोडिपिन लिहिलेलं असतं, वाचून बघा. टेल्मिसार्टन दार लावणाऱ्यातलं. अँजिओटेन्सिन नावाचा दुसरा एक निरोप्या रक्तवाहिनीला आवळ म्हणतो, त्याच्या ग्राहीवर ही गोळी जाऊन बसते. निरोप्या रोज येतो, म्हणून गोळीही रोज लागते. डोकं दुखो न दुखो. लोणच्याचा खार, पापड, कुरडया आणि ठेचा ताटात तसाच ठेवला तर गोळीचं काम अवघड होतं, हेही आलंच.

आणखी एक. सासूच्या पाकिटातली गोळी सुनेनं घ्यायची पद्धत आपल्या घरोघरी आहे. सून पोटुशी असेल तर टेल्मिसार्टन तिला मुळीच चालत नाही, बाळाच्या मूत्रपिंडाची वाढ त्यानं बिघडू शकते. गरोदरपणातल्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या असतात. तेव्हा तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जायचं, तिथं दाब फुकट मोजतात.