वाल्डेमार हाफकिन

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. घरोघरी माणसे दगावू लागली आणि लोक जीव मुठीत धरून शहर सोडू लागले. अशा बिकट समयी एक परदेशी संशोधक मुंबईस आले. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवर लस तयार केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत अविरत श्रम करून त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःच घेतली.

परंतु एका माणसाला अपाय झाला नाही, एवढ्यावरून लस गुणकारी कशी म्हणावी? त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली. हाफकिन यांनी दोन्ही गटांचा हिशेब ठेवला. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले, दगावला एकही नाही. न घेतलेल्यांचीही मोजदाद केली, म्हणूनच लशीचे मोल कळले.

पुढे अशीच मोजदाद त्यांच्या कामी आली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पण त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस धनुर्वात झाला नव्हता. अखेर १९०७ साली ते दोषमुक्त झाले. मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली त्यांचे निधन झाले.

आज सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावीही बालकांना गोवर, पोलिओ, धनुर्वात यांवरील लसी मिळतात. परंतु किती बाटल्या संपल्या, एवढ्यावरून गावाचे आरोग्य कळत नाही. शंभर बालकांपैकी किती जणांना सर्व लसी मिळाल्या, हे पाहावे लागते. शंभरांत नव्वद ही संख्या मोठी खरी. पण उरलेली दहा बालके कोणत्या घरची, हे ज्याला ठाऊक असते, तोच त्यांच्या दारी वेळेवर पोहोचतो.