छात्रालयातील साने गुरुजी

पनवेल व परिसरातील शिक्षक ५ सप्टेंबरच्या सुमारास एकत्र जमून वर्गातील अनुभव सांगू लागले, की साने गुरुजींचे नाव सहसा निघतेच. पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाने गेल्यास माणगावनजीक वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारकही आहे. परंतु अशा प्रसंगी गुरुजींच्या अश्रूंविषयी फार बोलले जाते, श्रमांविषयी थोडे. हे योग्य नव्हे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण उतरती कळा लागलेले. दापोली, औंध, पुणे अशी विद्येसाठी वणवण झाली. १९१७ साली आई निवर्तली, तेव्हा हा मुलगा शिक्षणासाठी घरापासून दूर होता. घराबाहेर राहून शिकणाऱ्या मुलाला काय उणे पडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. म्हणजे ज्यांना महाराष्ट्र आजही गुरुजी म्हणतो, त्यांची प्रत्यक्ष मास्तरकी अवघ्या ६ वर्षांची! त्यातही खरे कार्य घडले ते शाळेच्या छात्रालयात. मुले वर्गात गेली, की त्यांच्या खोल्या झाडाव्यात, पसारा आवरावा, कपडे धुवावेत, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, असा त्यांचा क्रम असे. न रागावता मुलांना आपली लाज वाटावी व ती आपण होऊन कामाला लागावीत, अशी ही रीत होती. त्यावर ते छात्रालयासाठी स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहीत. रोजच्या रोज, मूठभर मुलांसाठी! ज्याने एखादे भित्तिपत्रक महिनाभर नेटाने चालविले असेल, त्यालाच यातील कष्ट कळतील. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही काढले.

नानाविध अहवालांनी गांजलेल्या आजच्या शिक्षकाकडून अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. मात्र मग शिक्षकांकडून केवळ जिव्हाळ्याची मागणी करून त्यासाठी लागणारा वेळ त्यांच्यापासून हिरावून घेणे, हेही तितकेच अन्यायाचे आहे. गुरुजींचा जिव्हाळा वेळ खात असे.

पुढील आयुष्य बहुतांशी तुरुंग व लेखन यांत गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली. मास्तर तेथे पुन्हा विद्यार्थी झाला. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून झाले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. ‘साधना’ साप्ताहिक १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झाले.

११ जून १९५० रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. शिक्षकांच्या मेळाव्यांतून हा भाग बहुधा वगळला जातो. तो वगळू नये. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्यालाही कोणीतरी सांभाळावे लागते, याचा विचार तेथेच व्हावयास हवा.