विल्यम कौवेनहोवेन

घाटकोपर किंवा बोरिवलीच्या गर्दीत एखादा मनुष्य अकस्मात कोसळतो. हाक मारली तरी तो ओ देत नाही. श्वासही थांबलेला असतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील पथक धावत येते. एकजण गुडघे टेकून त्याच्या छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवतो आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबू लागतो. दुसरा श्वास पुरवितो व विजेचे यंत्र जोडतो. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलतो, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ पडतो. छाती दाबण्याची ही रीत ज्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाली, ते विल्यम कौवेनहोवेन मुळात वैद्य नव्हतेच. ते विजेचे इंजिनियर होते.

त्यांचा जन्म १८८६ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथे झाला. पुढे ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या काळी विजेच्या तारांवर काम करणारे कितीतरी कामगार धक्का बसून मरत. अशा धक्क्याने हृदय नुसते फडफडते, रक्त पुढे ढकलीत नाही. मात्र विजेचाच दुसरा धक्का ती फडफड थांबवू शकतो. छाती न उघडता तसा धक्का देणारे यंत्र घडविण्यात कौवेनहोवेन यांची जवळजवळ तीस वर्षे गेली. १९५७ साली ते तयार झाले. पण यंत्र येईपर्यंत काय करावयाचे? रक्त न मिळाल्यास मेंदू चार-पाच मिनिटांतच बिघडू लागतो. शल्यवैद्य अशा वेळी छाती चिरून हृदय हाताने दाबीत. रस्त्यावर ते कसे साधावे?

१९५८ साली निकरबॉकर हा त्यांचा तरुण विद्यार्थी कुत्र्यावर प्रयोग करीत होता. यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबताच, वीज सोडण्यापूर्वीच, रक्तदाब किंचित वाढतो, असे त्याला दिसले. गोष्ट क्षुल्लक होती. हाताचा चुकार दाब म्हणून ती सहज सोडून देता आली असती. बहात्तर वर्षांच्या गुरूने ती सोडली नाही. छाती कोठे, किती आणि कशी दाबावी याचे प्रयोग सुरू झाले. ज्यूड नावाचे शल्यवैद्यही त्यांत होते. १९६० साली तिघांनी निबंध प्रसिद्ध केला. त्यातील २० रुग्णांपैकी १४ जण वाचले होते. नुसत्या दाबाने हृदय क्वचितच पुन्हा चालू लागते. पण यंत्र येईपर्यंत मेंदू तग धरतो.

१९६९ साली त्याच विद्यापीठाने या इंजिनियरला वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. १९७५ साली त्यांचे निधन झाले.