बर्लिट्झ मास्तरांची शाळा

आपल्याकडील जुन्या घरांच्या फडताळात अजूनही एखादी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला सापडते. पाने पिवळी पडलेली, बांधणी सुटलेली आणि समासात आजोबांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा. या पाठमालेने घरोघरच्या दोन-तीन पिढ्यांना इंग्रजी वाचायला आणि लिहायला शिकविले, हे तिचे ऋण मोठेच आहे. पण साहेब समोर येऊन उभा राहिला की याच मंडळींची जीभ टाळूला चिकटे. आधी मनात मराठी वाक्य जुळवायचे, मग त्याचे इंग्रजी करायचे, मग काळ आणि वचन तपासून पाहायचे; तोवर साहेब पुढे निघून गेलेला असे. युरोप-अमेरिकेतही त्या काळी परक्या भाषा अशाच, लॅटिनच्या धर्तीवर, शिकवीत. ही वाट सोडून भलत्याच वाटेने गेलेला आणि त्या वाटेवर दुकान थाटून जगभर नाव मिळविलेला गृहस्थ म्हणजे मॅक्सिमिलियन बर्लिट्झ.

त्याचा जन्म १४ एप्रिल १८५२ रोजी जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग संस्थानात, काळ्या अरण्याच्या कडेला असलेल्या म्युरिंगेन नावाच्या खेड्यात झाला. जन्मनाव डेव्हिड बर्लिट्झहायमर. घराणे ज्यू. वडील गावच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना गाऊन म्हणत आणि मुलांना धर्मशिक्षण देत. म्हणजे सूर आणि पाठांतर या दोन्ही गोष्टी त्याच्या कानावर जन्मापासूनच्या. पोराला मात्र घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले होते. ती तीन वर्षे पुरी झाल्यावर १८७० च्या सुमारास तो अमेरिकेला गेला, आणि तेथे नाव बदलून मॅक्सिमिलियन डेल्फिनियस बर्लिट्झ असे भारदस्त नाव त्याने धारण केले. भाषामास्तराला भारदस्त नाव लागते, हे त्याने फार लवकर ओळखले असावे.

ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात त्याने आधी दुसऱ्यांच्या विद्यालयात ग्रीक, लॅटिन आणि युरोपातील अर्वाचीन भाषा शिकविल्या, तेही जुन्याच रीतीने. १८७८ साली त्याने त्याच शहरात स्वतःची शाळा काढली. शाळा म्हणजे काय, तर मालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक तोच. कामाचा भार झेपेना म्हणून त्याने फ्रेंच शिकविण्यासाठी निकोलस जोली नावाचा एक फ्रेंच तरुण नेमला. त्याने अर्ज सुरेख फ्रेंचमध्ये केला होता, तेवढ्यावर नेमणूक झाली. जोली हजर झाला तेव्हा कळले, की त्याला इंग्रजीचा गंधही नाही!

पुढची हकीकत त्या संस्थेत पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. बर्लिट्झ अतिश्रमाने आजारी पडला होता. दुसरा उपाय नसल्याने त्याने जोलीला सांगितले, की वस्तू दाखवून, हातवारे करून, अभिनय करून कसेबसे वर्ग सांभाळ. सुमारे सहा आठवड्यांनी तो बिछान्यातून उठून शाळेत आला तो विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकण्याच्या तयारीनेच. पाहतो तो वर्गात फ्रेंचमध्ये प्रश्नोत्तरांची झडझड चालू आहे आणि विद्यार्थ्यांचे उच्चार त्याच्या स्वतःच्या शिकवणीत कधी आले नव्हते इतके साफ आहेत.

आम्हा गाणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्यांना यात नवल वाटत नाही. माझ्या वडिलांनी शिष्याला कधी रागाची व्याख्या सांगितली नाही. ते गात, शिष्य मागून गाई. चुकले की ते पुन्हा गात. आरोह-अवरोह कागदावर लिहून घेण्याची वेळ येई तोवर राग गळ्यात बसलेला असे. जोलीने केले ते हेच. फरक एवढाच, की वडिलांकडे ती परंपरा होती आणि जोलीकडे ती नाइलाजाने आली.

न्यायाने बोलायचे तर ही कल्पना त्या दोघांचीही एकट्याची नव्हे. हेनेस आणि सोव्हूर या दोन शिक्षकांनी अमेरिकेच्या त्याच भागात आधीपासून मातृभाषेची मदत न घेता शिकविण्याचे प्रयोग चालविले होते. बर्लिट्झचे कर्तृत्व निराळे आहे. एका जिवंत माणसाच्या हातवाऱ्यांत जे घडले ते त्याने उलगडून ठेवले, त्याचे पाठ पाडले, क्रम लावला आणि पुस्तके छापली. वर्गात फक्त शिकायचीच भाषा बोलायची, भाषांतर वर्ज्य. शिक्षक त्या भाषेतच जन्मलेला हवा. आधी कान आणि जीभ, मग वाचन-लेखन. पहिल्या धड्यात खोलीतल्या वस्तू: पुस्तक, पेन्सिल, टेबल, खुर्ची. हे काय आहे? हे पुस्तक आहे. ही पेन्सिल आहे काय? नाही. अशी चढण एकेक पायरीने. घड्याळजीचा हात येथे दिसतो असे मला वाटते. चाके सारखी कापली, की ती कोणत्याही घड्याळात बसतात.

आणि ती बसली. बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन. १८८८ च्या सुमारास बर्लिन. मागोमाग पॅरिस आणि लंडन. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या पद्धतीला सुवर्णपदके मिळाली. १९०२ मध्ये फ्रान्स सरकारने आपल्या माध्यमिक शाळांत याच जातीची प्रत्यक्ष पद्धती लागू केली, म्हणजे वारे कोणत्या दिशेने वाहत होते हे दिसते. १९१४ पर्यंत जगात दोनशेहून अधिक बर्लिट्झ शाळा उभ्या राहिल्या. पुस्तक एक, क्रम एक, त्यामुळे एका शहरात सोडलेला धडा दुसऱ्या शहरात पुढे चालविणे व्यापाऱ्याला किंवा प्रवाशाला शक्य झाले. आमच्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा काढली तिच्या पाठीशी सयाजीराव महाराज होते. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते मात्र दरबाराचा आसरा सोडून, लोकांच्या बळावर. बर्लिट्झ या दुसऱ्या जातीचा. त्याला महाराजा नव्हता. विद्यार्थ्याची फी हाच त्याचा दरबार.

फीवर चालणाऱ्या शाळेत मास्तराचे काय होते, हे पाहायचे तर जेम्स जॉइसकडे पाहावे. १९०४ च्या ऑक्टोबरात हा बावीस वर्षांचा आयरिश तरुण नोरा बार्नेकलला घेऊन बर्लिट्झ शाळेतील नोकरीच्या भरवशावर झुरिकला पोचला, तर तेथे जागाच नव्हती. त्याला ट्रिएस्टला पाठविले, तेथेही नव्हती. अखेर आल्मिदानो आर्तिफोनी नावाच्या संचालकाने त्याला पोला येथील नव्या शाळेत घेतले. पोला हे ऑस्ट्रियाचे आरमारी ठाणे. विद्यार्थी नाविक अधिकारी. आठवड्याचे सोळा तास आणि पगार दोन पौंड. पुढच्या मार्चमध्ये तो ट्रिएस्टच्या शाळेत आला. धाकटा भाऊ स्टॅनिस्लॉसही तेथेच मास्तरकीला लागला. १९०७ मध्ये जॉइसने शाळा सोडली आणि खासगी शिकवण्या धरल्या.

संचालकाला त्याने विसरू मात्र दिले नाही. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युलिसिस’मध्ये आल्मिदानो आर्तिफोनी हे नाव त्याने एका इटालियन गायनशिक्षकाला दिले आहे, आणि तो गायनशिक्षक डब्लिनच्या रस्त्यात नायकाला आवाज वाया घालवू नकोस म्हणून कळकळीने समजावतो. जॉइसचा स्वतःचा आवाज उत्तम होता. १९०४ मध्येच डब्लिनच्या गायनस्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले होते. पगार देणाऱ्या संचालकाला त्याने गाण्याचा मास्तर केले, हा मान की चिमटा, ते ज्याने त्याने ठरवावे.

दुसरा मास्तर इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन. १९१३ मध्ये तो बोर्दोच्या बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवीत होता. पुढे तो सैन्यात गेला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, तह होण्याच्या आठवडाभर आधी, फ्रान्समध्येच मारला गेला.

त्या युद्धाने बर्लिट्झच्या रचनेतील दुबळी जागा उघडी पाडली. शिक्षक परदेशी हवा, हा तर पद्धतीचा पाया. युद्ध सुरू होताच तोच परदेशी शिक्षक शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला. स्टॅनिस्लॉस जॉइसला १९१५ मध्ये ऑस्ट्रियाने स्थानबद्ध केले, तेव्हा त्याचा अपराध जन्मापलीकडे फारसा नव्हता. युरोपात मेहनतीने विणलेले जाळे ठिकठिकाणी तुटले. ते पूर्ववत झालेले पाहणे बर्लिट्झच्या नशिबी नव्हते. ६ एप्रिल १९२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला.

त्याच्यामागे जावई व्हिक्टर हॅरिसन याने कारभार घेतला. नातू चार्ल्स याच्याशी घरातले प्रत्येक माणूस निराळ्या भाषेत बोलत असे, आणि प्रत्येक माणसाची स्वतःची एक बोली असते अशीच त्या पोराची समजूत होती. तो मोठेपणी बहुभाषापंडित झाला, पण जगात गाजला तो १९७४ च्या ‘बर्म्युडा ट्रँगल’ या पुस्तकामुळे. १९६६ मध्ये संस्था घराण्याबाहेर एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेकडे गेली आणि पुढे जपानी मालकांकडे. पाटीवरचे नाव राहिले. निकोलस जोलीचे नाव मात्र शाळेच्या पाटीवर कधीच नव्हते. मालकाच्या आजारपणाची गोष्ट सांगताना तेवढे त्याचे नाव निघते.