बाप गेला, पाणी सुटले नाही

आल्फ्रेड हायोश १३ वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडाले. पाण्याची धास्ती घेऊन बसण्याऐवजी हा हंगेरियन मुलगा जिद्दीने पट्टीचा पोहणारा झाला.

११ एप्रिल १८९६. अथेन्स ऑलिंपिकची १२०० मीटर शर्यत पिरियसच्या झेआ उपसागरात होती. बोटीतून नेऊन स्पर्धकांना भर समुद्रात सोडले. पोहत किनारा गाठायचा. पाणी बर्फासारखे, लाटा उंच. अंगाला चरबीचा थर फासलेल्या १८ वर्षांच्या हायोशला विजयापेक्षा जिवाचीच काळजी लागली. तरी १८ मिनिटे २२.२ सेकंदांत तो पहिला आला.

पुढे तो वास्तुविशारद झाला. १९५५ मध्ये वारला. बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावरचा १९३० चा तरणतलाव त्याचाच. बापाला गिळणाऱ्या नदीच्या मधोमध त्याने शहराला निर्धास्त पोहायची जागा बांधून दिली.